पुढच्या शॉकअपमध्ये टूल अडकलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मोटरसायकलच्या साध्या टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या) शॉकअपसाठी आहेत. स्प्लेंडर, शाइन, युनिकॉर्न, पल्सर १५० अशा गाड्यांना असतो तो. आधी नावं ठरवून घेऊ, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. वरची चकचकीत नळी म्हणजे क्रोम पाइप, खालचा ॲल्युमिनियमचा भाग म्हणजे बॉटम. आत मधोमध जी पोकळ दांडी उभी असते ती सीट पाइप, आणि बॉटमच्या बुडातून वर जाऊन तिला धरून ठेवतो तो तळाचा बोल्ट. तळाचा बोल्ट फिरवला की सीट पाइपही सोबत गरगर फिरते. तिला धरायला वरून लांब टी-हँडल घालतात. अडकतं ते बहुतेक वेळा हेच टूल.

टूल नेमकं कुठे आणि का अडकतं?

सीट पाइपच्या वरच्या तोंडाशी. काही गाड्यांत तिथे षटकोनी खाच असते, काहींत नुसतं गोल भोक. गोल भोकासाठी चौकोनी, निमुळत्या टोकाचं टूल वापरतात. त्याच्या चार कडा भोकाच्या काठात रुततात आणि दांडी धरली जाते. कडा घसरायला लागल्या की माणूस वरून हातोडी घालतो, आणि घोटाळा होतो तो तिथेच. टोक फारच बारीक उताराचं असेल तर ते पाचरीसारखं बसतं. मग नुसतं ओढून येत नाही, हलवून तर मुळीच येत नाही.

लेथवर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. लेथमधल्या निमुळत्या भोकाचा, म्हणजे मोर्स टेपरचा, एकूण कोन साधारण ३ अंश असतो, म्हणून ड्रिल चक त्यात नुसत्या घर्षणावर बसून राहतो. मिलिंग मशीनचा ७/२४ टेपर साडेसोळा अंशांच्या आसपास, तो आपला आपण सुटतो. त्याला ड्रॉबार नावाच्या लांब बोल्टने ओढून धरावं लागतं. घरी ग्राइंडरवर घासलेली टूलं नेमकी पहिल्या जातीची होतात.

दुसरी कारणं किरकोळ वाटतात, पण रोजची आहेत: एक्स्टेन्शनवरून सुटून आत राहिलेलं सॉकेट, डबल नट लावलेल्या आटेवाल्या सळईवरून ढिला होऊन पडलेला नट, तुटलेला लाकडी दांडा, आणि खालून बोल्टमध्येच मोडलेली एलन की (षटकोनी किल्ली).

टूल अडकलंय. सगळ्यात आधी काय करू?

हातोडी खाली ठेवा आणि एकच गोष्ट बघा: तळाचा बोल्ट निघालाय की नाही?

निघाला असेल, तर टूल अडकलंय हा प्रश्नच जवळपास संपला. सीट पाइप आता कशालाही बांधलेली नाही. ती कारखान्यात वरूनच आत गेली होती, वरूनच बाहेर येते. टूलसकट बाहेर काढा आणि बाकीचं काम टेबलावर करा. क्रोम पाइपच्या आत, अंधारात, अर्धा मीटर खोल झटापट करायची गरज नाही.

निघाला नसेल, तर अडकलेलं टूल सध्या तुमच्या फायद्याचं आहे. सीट पाइप इतकी घट्ट एरवी कुणी धरून दिली नसती. टूल काढायच्या मागे न लागता आधी बोल्ट सोडवा. लोक नेमकं उलट करतात: अर्धा दिवस टूल उपटण्यात घालवतात, ते निघतं, आणि मग बोल्ट फिरवताना दांडी फिरते म्हणून तेच टूल पुन्हा ठोकतात.

बोल्ट निघालाय, पण सीट पाइप टूलसकट वर येत नाही. का?

दोन शक्यता. एक, क्रोम पाइप अजून बॉटममध्येच आहे आणि तुम्ही सगळं एकदम ओढताय. आधी तेल काढा, डस्ट सील (बॉटमच्या तोंडावरचं धूळ अडवणारं रबर) आणि त्याखालची तारेची सर्क्लिप (ऑइल सील जागेवर धरणारी कडी) काढा, मग क्रोम पाइप बॉटममधून उपसून वेगळा करा. ज्यांत बुश (पाइप ज्यांवर सरकतो ती कडी) आहेत अशा शॉकअपमध्ये ऑइल सील आणि बुश झटके देऊनच बाहेर येतात, तिथे दमाने आठ-दहा झटके लागतात. सीट पाइप क्रोम पाइपसोबतच येईल, खालचं टोक बाहेर डोकावत असेल.

त्या टोकावर एक छोटी ॲल्युमिनियमची वाटी असते, ऑइल लॉक. ती बॉटमच्या तळाशी पडून राहते किंवा टोकाला चिकटून येते. कुठेही असली तरी आत्ताच काढून बाजूला ठेवा. शॉकअप जोडून झाल्यावर ही वाटी टेबलावर सापडते, असं प्रत्येक गॅरेजात कधी ना कधी होतंच.

दुसरी शक्यता जास्त वाईट: टूल इतकं ठोकलंय की सीट पाइपचं डोकं फुगलंय आणि ते क्रोम पाइपच्या आतल्या भिंतीला घासतंय. अशा वेळी वरून उपटू नका. सीट पाइपच्या खालच्या टोकात एक जुना बोल्ट अर्धा फिरवून बसवा, म्हणजे आटे वाचतील, आणि त्या बोल्टवर नायलॉनच्या हातोडीने हलके ठोके देत दांडी वरच्या दिशेने सरकवा. मधूनमधून थोडी फिरवा. आत रॉकेल किंवा फोर्क ऑइल सोडलंत तर ओरखडे कमी पडतात.

टेबलावर सीट पाइपमधून टूल कसं सोडवायचं?

बहुतेक सीट पाइप आरपार पोकळ असतात, आणि बऱ्याच जणांना हे लक्षातच येत नाही. खालच्या टोकाला तळाच्या बोल्टचे आटे आहेत ना, तिथूनच आत सळई जाते आणि अडकलेल्या टूलच्या टोकाला मागून ठोकता येतं.

बोल्ट एम८ असेल तर आट्यांच्या आतलं भोक पावणेसात मिमीच्या आसपास असतं. म्हणून ६ मिमीची ब्राइट बार (गुळगुळीत गोल सळई) घ्या, सीट पाइपपेक्षा पाच-सात सेंटिमीटर लांब. दोन्ही टोकं कानशीने सपाट करा आणि कडा मोडा, नाहीतर आटे खरवडले जातील. लोखंडाची साधी बांधकामाची सळई चालत नाही. तिच्यावरच्या रेघा आटे खातात आणि ती वाकतेही.

सीट पाइपच्या डोक्यावरची पिस्टन रिंग आणि खालची छोटी रिबाउंड स्प्रिंग काढून ठेवा. आता व्हाइसचे जबडे इतकेच उघडा की टूलची दांडी मधून सैल जाईल, पण सीट पाइपचं डोकं वर अडेल. सीट पाइप उलटी धरा: डोकं खाली, जबड्यांवर टेकलेलं, टूल टी-हँडलसकट व्हाइसखाली लोंबतंय, आट्यांचं टोक वर. व्हाइस टेबलाच्या कडेला असला तरच हे जमतं. जबडे आवळायचे नाहीत. वरून ६ मिमीची सळई आत सोडा, ती टूलच्या टोकाला टेकली की आवाज आणि हाताला लागणारा धक्का दोन्ही बदलतात. मग अर्ध्या किलोच्या हातोडीने सरळ, आखूड ठोके. चार-पाच ठोक्यांत टूल खाली पडतं. खाली पोतं किंवा जुनं टायर ठेवा.

नाही सुटलं तर जोर वाढवायच्या आधी गरम करा. सीट पाइपचं डोकं हीट गनने शेकायचं, टूलच्या दांडीला मात्र ओलं फडकं गुंडाळून ती थंड ठेवायची. १५ मिमीच्या भोकाला १०० अंश तापमानवाढ मिळाली तर ते शतांश-दोन शतांश मिलिमीटर मोठं होतं. ऐकायला क्षुल्लक, पण पाचर सुटायला तेवढं पुरतं. शेकणं आणि ठोकणं लगोलग झालं पाहिजे. टूल तापलं की दोन्ही सारखेच फुगतात आणि फायदा गेला.

तरीही सुटत नसेल तर रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइलमध्ये उभं करून ठेवा आणि सकाळी पुन्हा शेका. सीट पाइपच्या मधल्या भागाला व्हाइसमध्ये आवळून टूल पिळू नका. ती पातळ नळी आहे, लगेच लंबगोल होते. धरायचीच असेल तर लाकडाच्या दोन ठोकळ्यांत अर्धगोल खाच करून त्यांच्यामध्ये धरा.

शेवटचा उपाय, सीट पाइप कापणं. क्रोम पाइप आणि बॉटमच्या मानाने तिची किंमत कमी असते आणि ती सुटा भाग म्हणून मिळते. काही वाचवायचं असेल तर महागाचं वाचवा.

बोल्ट निघालेला नाही आणि फिरतही नाही. मग?

आधी एलन की पूर्ण बसतेय का ते बघा. एम८ बोल्टला ६ मिमीची की लागते, एम१० असेल तर ८ मिमीची. बोल्टचं डोकं बॉटमच्या खड्ड्यात असतं आणि त्यात चिखल दगडासारखा बसतो. की अर्धीच आत जाते, जोर लावला की षटकोन गोल होतो, आणि दोष बोल्टच्या माथी जातो. टोकदार सुईने खाच कोरून काढा, रॉकेलने धुवा, हवा मारा. जुनी, कडा गेलेली की वापरू नका. टोकाचे तीन-चार मिमी ग्राइंडरवर कापून टाकले तर तीच की पुन्हा नवी होते. कापताना पाण्यात बुडवत राहा, निळी पडली की मऊ झाली.

मग बोल्टच्या डोक्यावर पंच ठेवून दोन-तीन खणखणीत ठोके द्या. गंज आणि वॉशरचा चिकटपणा या धक्क्याने तुटतो, पिळण्याने नाही.

उष्णतेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. बोल्टचे आटे बॉटमच्या ॲल्युमिनियममध्ये नसतात, सीट पाइपच्या स्टीलमध्ये असतात. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे नुसतं बॉटम तापवलंत तर ते बोल्टचं डोकं आणखी ताणून धरतं. थ्रेडलॉक (आटे चिकटवून ठेवणारा द्रव) मऊ करायचा असेल तर उष्णता बोल्टमध्ये गेली पाहिजे. १०० वॅटच्या जाड सोल्डरिंग आयर्नचं टोक षटकोनी खाचेत दहा मिनिटं टेकवून ठेवा, हे सगळ्यात सोपं. हीट गन असेल तर अरुंद नोझल थेट खड्ड्यात. डोक्यावर पाण्याचा थेंब टाकताच चर्र होऊन उडाला, म्हणजे उष्णता बोल्टमध्ये पोचतेय.

आता दोघं लागतात. एकाने वरचं टी-हँडल धरायचं, दुसऱ्याने खालून फिरवायचं. खालून बघताना बोल्ट घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे वरून बघणाऱ्याला दांडी घड्याळाच्या दिशेने ओढली जाताना जाणवते. वरच्याने तिला घड्याळाच्या उलट दिशेला अडवून धरायचं. घाईत हमखास उलटं धरलं जातं आणि दोघंही एकाच बाजूला जोर लावत बसतात. एकटे असाल तर बॉटमच्या ॲक्सलच्या भोकातून गाडीचाच ॲक्सल घाला आणि तो व्हाइसमध्ये धरा. ब्रेक कॅलिपर बसवायचे कान कधीही व्हाइसमध्ये धरायचे नाहीत, ते तुटतात.

इम्पॅक्ट गन असेल तर दोन-तीन सेकंदांचे आखूड झटके. लांब दाबून ठेवली तर बोल्ट सुटण्याआधी षटकोन जातो.

षटकोन गेलाय, की नुसती फिरते. आता?

षटकोन थोडाच गेला असेल तर किंचित मोठ्या मापाचा टॉर्क्स (सहा पाकळ्यांच्या टोकाचा) बिट ठोकून बसवतात, तो बऱ्याचदा पकडतो. पण तो ठोकण्याआधी विचार करा: बोल्ट नाही सुटला तर बिट तिथेच अडकणार, आणि कडक स्टीलवर पुढे ड्रिल चालणार नाही.

ड्रिल करणं हा त्यापेक्षा खात्रीचा मार्ग. इथेच वरचं अडकलेलं टूल पुन्हा कामी येतं, कारण दांडी फिरत असेल तर ड्रिल कापत नाही, नुसता बोल्ट फिरवतो. ८ मिमीचा धारदार बिट घ्या. षटकोनी खाच त्याला आपोआप मध्यावर आणते. एम८ बोल्टच्या डोक्याची उंची ८ मिमीच असते, तेवढं खोल गेलं की डोक्याचं कडं सुटून बिटवर अडकून फिरू लागतं. तिथेच थांबा. साडेआठपेक्षा मोठा बिट लावू नका, बॉटमचं भोक मोठं होईल आणि नवीन वॉशर तिथे नीट बसणार नाही. गती कमी, थेंबथेंब तेल.

डोकं गेलं की बॉटम खाली निघून येतं आणि सीट पाइपच्या टोकाला बोल्टचा तुकडा बाहेर राहतो. तो व्हाइस ग्रिपने धरून फिरवा. ताण गेलेला असल्याने तो बहुतेक वेळा हाताच्या जोरावर येतो.

एलन की मोडून बोल्टमध्येच राहिली आहे.

तुकडा बाजूंनी पंचने टकटक करत सैल करा आणि लोहचुंबकाने ओढा. मोडताना की पिळलेली असते, म्हणून ती खाचेत तिरकी फसते. उलट दिशेला हलकी टिचकी दिली की पीळ सुटतो. ती कडक केलेली असते, साधा एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) ड्रिल बिट तिच्यावर नुसता घसरतो आणि धार घालवून बसतो.

तुकडा खड्ड्याच्या पातळीपर्यंत दिसत असेल तर त्यावर लांब बोल्ट वेल्ड करून फिरवता येतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने थ्रेडलॉकही सुटतो. पाय, म्हणजे शॉकअपची ती पूर्ण बाजू, गाडीवरून काढूनच वेल्डिंग करा, तेल पूर्ण काढून आणि क्रोम पाइपच्या तोंडावरचा वरचा बोल्ट उघडा ठेवून. अर्थचा चिमटा थेट बॉटमला लावा.

हेही जमलं नाही तर स्पार्क इरोजन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणं. डाय आणि मोल्डचं काम करणाऱ्यांकडे हे मशीन असतं, मोडलेले टॅप काढायला ते रोज वापरतात. बडोद्यात असाल तर मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत चौकशी करा. नुसतं बॉटम आणि बोल्ट घेऊन जाऊ नका, पूर्ण पाय घेऊन जा आणि खड्डा किती खोल आहे ते आधी फोनवर सांगा. इलेक्ट्रोड तेवढा लांब लागतो.

सॉकेट किंवा नट आत राहिलाय.

सुटा असेल तर पाय उलटा करा, पडेल. तेलाने चिकटला असेल तर लांब चुंबक. सॉकेट खाचेत घट्ट बसलं असेल तर एक्स्टेन्शनच्या चौकोनी टोकावर पातळ प्लास्टिक पिशवीचा एक थर चढवून ते पुन्हा सॉकेटमध्ये दाबा, पकड वाढते. पण आधी सांगितलं तेच: बोल्ट सुटला की सॉकेटसकट दांडी बाहेर येणार आहे, मग घाई कशाला? पुढच्या वेळी सॉकेट आणि एक्स्टेन्शनच्या जोडावर इन्सुलेशन टेपचे तीन वेढे द्या.

लाकडी दांडा ठोकला होता, तो आत तुटला.

झाडूचा दांडा निमुळता करून ठोकायची युक्ती जुनी आहे आणि चालतेही, पण सुकलेलं लाकूड असेल तर टोक पिचतं. तुटलेल्या लाकडात लांब लाकडी स्क्रू फिरवा. स्क्रूचं डोकं आधीच एका सळईला वेल्ड करून घ्या म्हणजे खोलवर पोचेल. घट्ट झाला की सरळ वर ओढा. खरी कटकट नंतर असते: लाकडाच्या सालपटी सीट पाइपच्या बाजूच्या बारीक भोकांत बसतात आणि शॉकअप एका बाजूला कडक लागतो. प्रत्येक भोकातून तार घालून, हवा मारून, उजेडाकडे धरून बघा.

स्लाइड हॅमरने (सळईवर सरकणाऱ्या वजनाच्या झटक्यांनी) ओढून काढलं तर?

बोल्ट जागेवर असेल तरच. बोल्ट सुटला असेल तर प्रत्येक झटक्याला दांडीच वर उडते, टूल तिच्यासोबत जातं, आणि डोकं क्रोम पाइपमध्ये आपटत राहतं.

याचा उपयोग मुख्यतः जोडणीच्या वेळी होतो. बोल्ट नीट कसून झालाय आणि टूल मात्र निघत नाही, अशा वेळी. एम१२ ची आटेवाली सळई टूलला जोडा, त्यावर दीड किलोचं मधोमध भोक असलेलं वजन, वर दोन नट एकमेकांवर कसलेले. ॲक्सल व्हाइसमध्ये धरून पंचवीस-तीस सेंटिमीटर वरून दहा झटके. दहांत हललं नाही तर बोल्ट पुन्हा सोडा आणि टेबलाचा मार्ग धरा. जास्त झटके म्हणजे बोल्टच्या डोक्याखालचा वॉशर चेपणार आणि पहिल्याच आठवड्यात तेल ठिबकणार.

आत ग्रीस भरून दाबाने टूल बाहेर ढकलता येईल का?

नाही. बेअरिंगच्या बाबतीत ही युक्ती चालते. सीट पाइपला बाजूने तेलाची भोकं असतात, ग्रीस तिथूनच निसटतं. नंतर ते धुऊन काढण्यात अर्धा तास जातो.

गॅसची ज्योत वापरू का?

बॉटमवर नको. रंग जातोच, पण ॲल्युमिनियम लाल होत नाही, तापलंय हे डोळ्यांना कळतच नाही आणि ते मऊ होऊन बसतं. क्रोम पाइपवर तर अजिबात नको. क्रोम निळा पडला की पुढे सोलतो आणि सील फाडतो. टेबलावर काढलेल्या सीट पाइपच्या डोक्यावर हळूहळू फिरती ज्योत चालेल.

टूल निघालं. जोडण्याआधी काय तपासू?

सीट पाइपचं डोकं. पिस्टन रिंग तिच्या खोबणीत बसवून बोटाने फिरवा. ती संपूर्ण फेरीत मोकळी फिरली पाहिजे. कुठे अडली तर तिथे काठ फुगलाय. थोडा असेल तर बारीक कानशीने उतरवता येतो, जास्त असेल तर पाइप बदला. मग सीट पाइप क्रोम पाइपमध्ये रिंगसकट वरून सोडून पूर्ण लांबीत सरकवून बघा. कुठे खरखर लागता कामा नये.

खालचे आटे नव्या बोल्टने हाताने तपासा. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला नाही तर टॅप फिरवून घ्या, पण आधी पिच बघा. एम८ मध्ये १.२५ आणि १.० अशी दोन्ही सापडतात. दोन्ही नळ्या रॉकेलने धुवा आणि धुतलेलं रॉकेल पांढऱ्या फडक्यावर ओता. चुरा चमकतोय तोवर पुन्हा धुवा. राहिलेला एक कणही नवीन ऑइल सीलची वाट लावतो.

जोडताना बोल्ट किती कसायचा? दांडी फिरते त्याचं काय?

छोट्या गाड्यांच्या एम८ बोल्टला साधारण २० न्यूटन-मीटर लागतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. तांब्याचा वॉशर नवाच टाका. आटे पेट्रोलने पुसून कोरडे करा, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकचे दोन थेंब. लाल, कायमचा थ्रेडलॉक लावू नका. पुढच्या वेळी शॉकअप उघडणाऱ्याला ते महागात पडतं, आणि तो बहुधा तुम्हीच असाल.

दांडी फिरू नये म्हणून टूल घालायच्या आधी हे करून बघा: सीट पाइप, स्प्रिंग आणि वरचा बोल्ट तात्पुरते बसवा. स्प्रिंग दांडीच्या डोक्यावर दाबून बसते आणि तेवढ्याने ती स्थिर राहते. पाय जमिनीवर उलटा टेकवून अंगाच्या भाराने दाबलात तर आणखी घट्ट. बोल्ट कसून झाल्यावर स्प्रिंग पुन्हा काढून तेल भरा. दोन्ही पायांत मॅन्युअलमध्ये दिलं तेवढंच, मोजपात्राने मोजून. अंदाजपंचे ओतलं तर दोन्ही पाय सारखं काम करत नाहीत.

म्हणजे उघडतानाही टूलशिवाय काम होऊ शकतं?

बहुतेक वेळा, हो. चूक होते ती क्रमात. लोक आधी वरचा बोल्ट आणि स्प्रिंग काढतात, तेल ओततात, आणि मग तळाच्या बोल्टकडे वळतात. तोवर दांडीला धरणारं काहीच उरलेलं नसतं. उलट करा: सगळं बंद असताना, पाय गाडीवरच असताना तळाचा बोल्ट पाव फेरा सैल करा. पाव फेराच, नाहीतर तेल गळेल. एखाद्याने हँडलवर भार देऊन शॉकअप दाबून धरला तर आणखी चांगलं. मग पाय काढा, वरचा बोल्ट उघडा. उघडताना तोंड बाजूला ठेवा. स्प्रिंग दाबलेली असते, शेवटचा आटा सुटताच बोल्ट उसळतो.

लेथवर टूल करून घ्यायचं तर काय सांगायचं?

टोकाचा एकूण कोन २० अंशांपेक्षा कमी नको, म्हणजे पाचर बसणार नाही. चार कडा धारदार, टोक कडक केलेलं. लांबी ५५ ते ६० सेंटिमीटर, बहुतेक गाड्यांना पुरते. हँडल आडवं भोक पाडून त्यात सरकतं ठेवा, वेल्ड नको, म्हणजे काढता येतं. आणि वरच्या टोकात एम१२ चे आटे २५ मिमी खोल पाडून घ्या. कधी अडकलंच तर स्लाइड हॅमर थेट तिथे लागतो. षटकोनी खाच असलेल्या गाडीसाठी नट सळईला पूर्ण वेल्ड करा. डबल नटवर भरवसा नको. माप घेताना खाच व्हर्नियरने मोजा, अंदाजाने नट निवडू नका. टूल तयार झालं की त्यावर हातोडी चालवायची नाही, अंगाचा भार पुरे.

गाडी पुरात बुडाली होती. काही वेगळं?

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात वस्त्यांत शिरलं, तेव्हा बुडालेल्या आणि नंतर नुसत्या धुऊन चालवलेल्या गाड्यांत हा त्रास नक्की असतो. तळाच्या बोल्टच्या खड्ड्यात गाळ भरतो, डस्ट सीलखाली पाणी साचून सर्क्लिप गंजते. तेल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय असं समजा. अशा गाडीत आदल्या दिवशी खड्डा साफ करून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, सर्क्लिपच्या खोबणीतही, आणि नवीन बोल्ट आधीच आणून ठेवा. सर्क्लिप तुकड्यांनी निघते. एखादा तुकडा खोबणीत राहिला तर नवीन सील तिरका बसतो.

ॲक्टिव्हाला हेच लागू पडतं का?

११० सीसीच्या ॲक्टिव्हाला २०२० च्या ६जी पासून पुढे टेलिस्कोपिक शॉकअप आला, त्याला बहुतांश लागू. त्याआधीच्या ११० सीसी ॲक्टिव्हात लिंकवाली रचना आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आणि यूएसडी, म्हणजे उलटा (अपसाइड-डाउन) शॉकअप?

तिथे बहुधा आत कार्ट्रिज (सीट पाइपच्या जागी येणारं जोडलेलं युनिट) असतं आणि त्याची नळी सीट पाइपपेक्षा पातळ असते. टूल अडकलं तर ठोकू नका, सळईही नको. तळाचा बोल्ट सोडून कार्ट्रिज टूलसकट बाहेर काढा आणि त्या गाडीचं नेमकं होल्डर असलेल्याकडे द्या.